भागीदाराची वखार आणि कराचें गणित

वरळीच्या एखाद्या गृहस्थानें वडिलोपार्जित वखार भागीदारीच्या पेढींत भांडवल म्हणून घातली, तर त्यास नफा झाला काय? 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणें वखार पेढीची झाली. कराचा निकाल मात्र सर्वोच्च न्यायालयानें 1985 सालीं सुनील सिद्धार्थभाई खटल्यांत दिला. हस्तांतर झालें खरें. परंतु मोबदल्याचें मोल त्या दिवशीं ठरवितांच येत नाहीं. सबब, व्यवहार बनावट नसेल तर भांडवली नफ्यावर कर नाहीं! तर्क बिनतोड, पळवाटही तितकीच रुंद. 1987 च्या वित्त कायद्यानें ती बुजविली. पेढीच्या वहींत भागीदाराच्या खातीं जमा झालेली रक्कम हीच विक्रीची किंमत ठरली. पेढी मोडतांना मात्र वहीस मान नव्हता. तेथें बाजारभाव धरला. तें सूत्रही 2021 सालीं बदललें.