वाळुंजाच्या सालीपासून मुरुमांच्या सीरमपर्यंत

नेऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात हिंजवडीच्या आयटी पार्कमधली तरुण मंडळी चेहरा लालबुंद झाला की येतात. पिशवीतून बाटल्या निघतात: ग्लायकोलिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल आणि रात्रीसाठी रेटिनॉल. "डॉक्टर, सगळ्या चांगल्या कंपनीच्या आहेत," हे वाक्य ठरलेले. बाटलीत खोट नसतेच बहुधा. चूक होते ती एकावर एक लावण्यात. ती का होते, हे समजायला थोडे मागे जाऊ या.

ओढ्याकाठचे वाळुंजाचे झाड तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. युरोपातल्या विलोचे हे आपल्याकडचे भावंड. शास्त्रीय कुळ सॅलिक्स. विलोच्या सालीतल्या सॅलिसिनपासून राफाएले पिरिया यांनी 1838 मध्ये सॅलिसिलिक आम्ल तयार केले. 1874 नंतर हेरमान कोल्बे यांच्या पद्धतीने ते कारखान्यात बनू लागले आणि स्वस्त झाले. हे आम्ल तेलात विरघळते, म्हणून तेलकट रंध्रांत उतरते. मुरुमांवर ते चालते ते यामुळेच.

आम्ले एकत्र करणेही नवे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे आर्थर व्हिटफील्ड यांनी नायट्यासाठी मलम आणले: 6 टक्के बेंझॉइक, 3 टक्के सॅलिसिलिक. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना ते चांगले ठाऊक आहे. सॅलिसिलिक वरचा जाड थर सैल करते, बेंझॉइक बुरशीला आवरते. म्हणजे दोघांची कामे वेगळी, आणि प्रमाण एकाच डबीत ठरवलेले. तुम्ही घरी दोन बाटल्या एकावर एक लावता तेव्हा हे प्रमाण कोणीच ठरवलेले नसते.

ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लांना नाव मिळाले ते 1974 मध्ये. यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी ती कोणावर वापरली? माशाच्या खवल्यांसारखी जाड त्वचा होणाऱ्या रुग्णांवर. तिथे थर जास्तीचा होता, तो काढायचाच होता. पंचविशीतल्या निरोगी गालावर असा शिल्लक थर नसतो. तो खरवडला की जळजळ होते, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर जळजळीमागून काळे डाग येतात. मुरूम बरा, पण डाग महिनोन्‌महिने!

आपली दिवाळीची रीत आठवा: आधी तेल, मग उटणे, तेही वर्षातून चार दिवस. लिंबू थेट चेहऱ्यावर चोळणाऱ्यांनी मात्र जपावे. त्याचा सामू 2 च्या आसपास असतो, त्वचेचा साधारण 5. ग्लायकोलिकसारख्या आम्लांसाठी अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने घरगुती वापराची मर्यादा 1998 मध्ये घातली: 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको, सामू 3.5 च्या खाली नको.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो: एका रात्री एकच. आठवड्यातून दोनदा सॅलिसिलिक, दुसऱ्या रात्री हवे तर रेटिनॉल, मध्ये रिकाम्या रात्री. सकाळी सनस्क्रीन. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल अजिबात नाही. चेहरा आधीच लाल असेल तर सगळ्या बाटल्या बंद, फक्त साधे मॉइश्चरायझर.

आणि त्या लालीवर मेडिकलमधून ट्यूब आणू नका. क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र करून डाग घालवण्याचे मिश्रण मांडले. त्याच धर्तीची क्रीम आपल्याकडे 'गोरे होण्यासाठी' महिनोन्‌महिने लावली जातात. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून ती औषध वाटते. थांबवली की दुप्पट उसळते. 2018 मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तरीही बाटल्यांच्या पिशवीत तळाशी अशी एक ट्यूब मला अजून सापडते.