मूठ घरची, पातं बाहेरचं : यवतमाळ जिल्ह्यातला घडीचा चाकू

आजचा विषय खिशात मावणारा आहे. एखादा घडीचा चाकू घ्यायचा, त्याची प्लॅस्टिकची मूठ काढून टाकायची आणि आपल्या भागातल्या लाकडाची मूठ त्याला बसवायची, अशी हौस असणारे लोक आपल्यात आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : चाकू कोणता घ्यावा? बहुतेक जण पात्याकडे बघून ठरवतात. आम्ही या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूनं आलो आणि आमचं मत असं झालं, की यवतमाळ जिल्ह्यात तरी चाकू मुठीकडे बघून निवडावा. घडीच्या चाकूचं पातं आपल्याकडे बाहेरूनच आलं. मूठ मात्र इथली असू शकते, आणि ज्या जंगलातून तिचं लाकूड येतं त्या जंगलावरून या जिल्ह्यात लोक तुरुंगात गेलेले आहेत.

सुरुवात लोहारापासून करू. विदर्भात लोहाराला खाती असंही म्हणतात. शिवाय गाढवावर किंवा गाडीवर भाता-ऐरण घालून गावोगाव फिरणारे घिसाडी. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, पास, फाळ हे सगळं यांनीच घडवलं. मग प्रश्न येतो, इतकं लोखंड हाताळणाऱ्या या कारागिरांनी घडीचा चाकू का नाही केला? उत्तर कमानीत आहे. विळ्याचं शेपूट तापवून मुठीत ठोकलं की काम झालं. घडीच्या चाकूला पातं, पाठीची कमान आणि दोघांना धरणारी खीळ असे तीन भाग लागतात. पातं कडक हवं, तर कमान लवचीक हवी. ती हजारो वेळा वाकून परत जागेवर आली पाहिजे. म्हणजे एकाच चाकूत दोन वेगवेगळ्या प्रकारे पाणी दिलेलं पोलाद, आणि दोन्ही एकमेकांना केसभर फट न ठेवता लागलेलं. हे काम एका भट्टीवर एकट्यानं बसून होत नाही असं नाही, पण पायलीभर ज्वारीच्या बलुत्यात ते परवडत नाही. ते परवडतं जिथं एक जण फक्त पाती घडवतो, दुसरा फक्त घासतो, तिसरा फक्त जुळणी करतो.

असं गाव म्हणजे इंग्लंडातलं शेफिल्ड. तिथल्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याची खूण 1682 सालची. एकोणिसाव्या शतकात त्यांचे चाकू जगभर गेले. आता गंमत बघा. शेफिल्डच्या चांगल्या चाकूंना जी खडबडीत, तपकिरी मूठ असे, ती सांबराच्या शिंगाची, आणि ते शिंग मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जाई. म्हणजे आपल्या जंगलातलं शिंग समुद्र ओलांडून जायचं आणि पात्याला चिकटून विकत परत यायचं. कापूस आणि कापडाची कथा आपण शाळेत शिकतो; ही त्याच कथेची खिशातली आवृत्ती. (शिंगाची मूठ करावी असं ज्यांच्या मनात असेल त्यांनी ते मनातच ठेवावं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबराचं शिंग, जंगलात गळून पडलेलं असलं तरी, विकता-विकत घेता येत नाही.)

चाकू हा शब्दही बाहेरचाच, तुर्की-फारसीतून आलेला. आपल्याकडे त्याचं जुनं काम लेखणीशी बांधलेलं होतं. बोरू तासायला, त्याचं टोक तिरकं कापायला छोटं धारदार पातं लागे. कुलकर्ण्याच्या कलमदानात ते असे. टाक आले, मग फाउंटन पेन आलं आणि ते काम संपलं. पण विदर्भात घडीच्या चाकूला दुसरं एक काम मिळालं, आणि त्याच्याकडे इतिहासकारांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. ते म्हणजे संत्र्याची कलमं. जंबेरीच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यायचा, साल अलगद उचलायची, संत्र्याचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टी बांधायची. वरुड, मोर्शी, शेंदुरजना घाट या भागातल्या रोपवाटिका याच हातकामावर उभ्या राहिल्या. त्यासाठीचा चाकू घडीचा असतो. पातं सरळ आणि बोटाएवढं, साल उचलायला एक बोथट जीभ, दोन्ही बाजूंना लाकूड. हा चाकू लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता लाकडाकडे येऊ. आपला जिल्हा 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. इंग्रज कागदांत ते 'वून' असं आहे. निजामानं 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि त्यानंतरच्या काही दशकांत जंगलं राखीव होऊ लागली. त्याआधी कुऱ्हाडीचा दांडा तुटला की माणूस रानात जाऊन दुसरा आणत असे. ती चोरी आहे हे त्याला नव्यानं कळलं. गुरांची चराई, गवत, जळण, औताचं लाकूड, सगळ्याला परवाना आणि फी आली. निस्तार हा शब्द विदर्भाच्या महसुली कागदांत अजून टिकून आहे, 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतसुद्धा. गावकऱ्यांनी आपल्या घरच्या आणि शेतीच्या गरजेपुरतं लाकूड-गवत घेण्याची जुनी वहिवाट असा त्याचा अर्थ. शब्द टिकला, वहिवाट आकसत गेली.

1930 साल उजाडलं तेव्हा गांधीजींनी मीठ उचललं. वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याकडे दहिहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ केलं गेलं, पण यवतमाळच्या शेतकऱ्याला रोज टोचणारा कायदा मिठाचा नव्हता, जंगलाचा होता. म्हणून 10 जुलै 1930 रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला. अणे मूळचे वणीचे. त्याच महिन्यात 21 तारखेला यवतमाळजवळ लोहाऱ्याला डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी सत्याग्रह केला. दोन्ही ठिकाणी कृती साधीच होती : राखीव जंगलात जायचं आणि विळ्यानं गवत कापायचं. पाऊस पडून गेल्यावरचं कोवळं गवत, मूठभर. त्यासाठी अटक. आम्हाला यातला विळा महत्त्वाचा वाटतो. लोखंडी पातं आणि लाकडी मूठ असलेलं रोजचं अवजार, गावच्या लोहारानं केलेलं, आणि ते कुठं चालवलं यावर गुन्हा ठरतो.

तो प्रश्न आजही मिटलेला नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. त्या यादीत बांबू आहे, झुडपी लाकूड आहे, झाडाची खुंटंही आहेत. इमारती लाकूड मात्र नाही. खासगी शेताच्या बांधावरचा साग तोडायचा तरी 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते, आणि माल हलवायला वाहतूक परवाना. म्हणून मुठीसाठी रानातून फांदी तोडून आणू नका. सगळ्यात चांगलं लाकूड पाडलेल्या जुन्या घरात असतं. तुळईचा, चौकटीचा, माळवदाच्या पाटीचा तुकडा. त्यानं पन्नास-साठ पावसाळे बघितलेले असतात, त्यामुळे ते आता हलत नाही. नाहीतर आरागिरणीतून घ्या आणि पावती मागा. दोन बोटं रुंद तुकड्याची कसली पावती, असं गिरणीवाला हसून म्हणेल. तरी मागा.

कोणतं लाकूड? साग सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यात तेल असतं, तो फुगत-आकसत कमी, कीड लागत नाही. पण पातळ चकती केली तर तो रेषेत चटकन फाटतो. याउलट धावडा. कुऱ्हाडीच्या दांड्याला जुने लोक धावडा किंवा तिवस शोधत. धक्का सोसण्यात त्यांना तोड नाही. मात्र धावडा वाळताना तडकतो, घाई केली तर हमखास. अंजन इतका जड, की पाण्यात बुडतो. घासताना हात भरून येतात, पण झिलई काचेसारखी येते. बाभूळ गाडीच्या चाकात टिकते, तर मुठीत टिकेलच. शिसवाची काळपट जांभळी रेघ सुंदर दिसते. मात्र शिसवाच्या सगळ्या जाती 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत, तेव्हा परदेशातल्या भावाला भेट पाठवताना चौकशी करा. आणखी एक गोष्ट : बाभूळ, खैर, धावडा यांत टॅनिन भरपूर. लोखंडी खिळा लागला आणि घाम मुरला की भोवती काळा डाग पडतो. खिळे पितळेचेच घ्या.

आता चाकू. बाजारात दिसणाऱ्या घडीच्या चाकूंची बांधणी मुख्यतः तीन-चार तऱ्हांची असते, आणि आमच्या मते निवड तिथंच होते.

फ्रान्सच्या सावोय भागातला ओपिनेल हा चाकू हौशी लोकांचा लाडका. जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये तो पहाडी शेतकऱ्यांसाठी केला. 1955 मध्ये त्याला पातं अडकवून ठेवणारं फिरतं कडं बसलं. यात पत्र्याचं अस्तर नाही, कमान नाही. लाकडाच्या एकाच गोल तुकड्यात चीर पाडलेली आणि त्यातच खीळ. नवी मूठ करायला हा सोपा वाटतो, पण पात्याचा सगळा ताण थेट लाकडावर येतो. सावोयमध्ये ठीक. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला आणि जुलैत भिंतीला ओल. आषाढात लाकूड फुगून पातं नखानं उघडत नाही आणि वैशाखात तेच पातं खुळखुळतं. ओपिनेलच घ्यायचा असेल तर साग लावा, बाभळीच्या मोहात पडू नका.

रामपुरी चाकूची शिफारस आम्ही करणार नाही. सिनेमानं त्याला मोठं केलं, पण त्याची मूठ अरुंद, खटक्याची यंत्रणा आत, लाकडाला जागा नाही. शिवाय 1990 च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारनं साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी घातली आणि रामपूरचे कारागीर देशोधडीला लागले, हाही त्याचा इतिहास आहे.

उरला अस्तराचा चाकू, म्हणजे ज्यात पात्याच्या दोन्ही बाजूंना पितळेची किंवा पोलादाची पट्टी असते आणि लाकूड त्या पट्टीवर फक्त बाहेरून बसवलेलं असतं. आपला कलमांचा चाकू बहुधा याच जातीचा. इथं ताण पट्टी सोसते. लाकूड थोडं हललं तरी पातं अडकत नाही. म्हणून साग, अंजन, धावडा, काहीही चालतं. जुन्या चकत्या मोडू नका. खिळ्यांची डोकी कानशीनं घासा, चकत्या अखंड काढा आणि त्यांनाच माप धरून नव्या कापा. तीन-चार मिलिमीटर जाडी पुरे, रेषा लांबीतून. भोकं अस्तराच्या भोकातूनच पाडा, वेगळी मोजून नव्हे. स्क्रूनं जोडलेले नवे चाकू मिळतात, ते सगळ्यात सोपे. पहिल्यांदा करणाऱ्यानं तोच घ्यावा. घेताना उघडझाप करून बघा. पातं डुलत असेल तर नवी मूठ ते थांबवणार नाही.

लाकूड वाळलं असं समजून लगेच बसवू नका. एक पावसाळा आणि एक उन्हाळा घरात ठेवा. वरून जवसाचं तेल. आपल्या भागात जवस पिकतं ते भाजीला आणि चटणीला, पण त्याचं तेल हवेत घट्ट होऊन लाकडात बसतं. शेंगदाण्याचं बसत नाही, चिकट राहतं. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

राहिला खिसा. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात आणि घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. तीन इंचांचा चाकू त्यात बसत नाही. पण सण, निवडणूक, तणाव असला की 1951 च्या पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली आदेश निघतो आणि त्यात चाकू-सुऱ्यांची नावं असतात. त्या दिवसांत चाकू घरी. आणि हे सगळ्यांना सारखं लागू होतं असंही नाही. 1871 च्या कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात कितीतरी जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला. आपल्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. नाक्यावर झडती झाली तर आमच्या खिशातल्या चाकूला छंद म्हणतील. पारधी तरुणाच्या खिशात तोच चाकू, तीच सागाची मूठ सापडली तर त्याला काय म्हणतील हे या सभागृहात सांगायची गरज नाही. अशा तरुणांनी मुठी बसवायचं काम हाती घेतलं, तर लाकडाची पावती आणि चाकूचं बिल दोन्ही सोबत ठेवावं, असा सल्ला आम्ही देतो. हा सल्ला इतरांना द्यावा लागत नाही.