रायगडावरील वास्तू-अवशेष
महाड तालुक्यातील (जि. रायगड) शिवकालीन राजधानीतील इमारतींचे पुरातत्त्वीय अवशेष. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून केलेल्या तोफमाऱ्यात लागलेल्या आगीत लाकडी बांधकाम जळाले. उरली ती दगडी जोती. त्यामुळे इथे वाडे वाचायचे ते जोत्यांवरून.

यात मोठी मदत जगदीश्वर मंदिरातील शके १५९६ च्या संस्कृत शिलालेखाची होते. त्यात विहिरी, तळी, बाग, वीथी, हत्तीशाळा आणि राजगृहे अशी बांधकामांची जंत्रीच आहे. बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव या लेखात आहेच, शिवाय वेगळ्या पायरीवर मराठीतही कोरलेले आहे. अवशेषांपैकी गंगासागर तलावाकाठचे मनोरे, राणीवशाची जोती व राजसभा यांची ओळख पटते. बाजारपेठेची उंच जोती घोड्यावरून खरेदी करता यावी म्हणून बांधली, असे वाटाडे हमखास सांगतात; पुरावा म्हणून ते पुरेसे नाही. अलीकडच्या उत्खननात वाड्यांचे पाये उघडे झाले. २०२१ मध्ये सोन्याची बांगडीही सापडली. पायथ्याशी पाचाडला जिजाबाईंच्या वाड्याचे अवशेष आहेत. २०२५ मध्ये रायगडाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.