मंत्रालयातलं दुसरं पद, गडचिरोलीतला झेंडा

24 नोव्हेंबर 1963 रोजी चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्याचे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा 1962 च्या नोव्हेंबरात राज्याची सूत्रं कन्नमवारांकडे आली होती. आता कन्नमवारांच्या जागी कोण, हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला. महाराष्ट्रात तेव्हा उपमुख्यमंत्री नव्हताच. बाळासाहेब सावंत यांनी काही दिवस हंगामी कारभार पाहिला आणि डिसेंबरात वसंतराव नाईक आले.

उपमुख्यमंत्री असता, तरी खुर्ची आपोआप त्याच्याकडे गेली नसती. राज्यघटनेच्या कलम 164 मध्ये मुख्यमंत्री आहे, इतर मंत्री आहेत. उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही. अशा नेमणुकांना आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये फेटाळली, तीही याच आधारावर: उपमुख्यमंत्री हा शेवटी मंत्रीच, बिरुदाने त्याचे अधिकार वाढत नाहीत.

मग हे पद आलं कुठून? बेरजेतून. 1978 च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. दोन काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसच्या वाट्याला उपमुख्यमंत्रिपद आलं. त्यावर बसले विदर्भाचे, भंडाऱ्याकडचे नाशिकराव तिरपुडे. राज्याचे ते पहिले उपमुख्यमंत्री. वसंतदादांशी त्यांचे खटके उडत राहिले आणि जुलैत सरकार गडगडलं. पुढे मुंडे, भुजबळ, आर. आर. पाटील, अजित पवार या पदावर आले, ते बहुतेक वेळा आघाडीतल्या दुसऱ्या पक्षाचे म्हणूनच. 2023 च्या जुलैत तर राज्याला एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्री मिळाले.

या पदाला वजन येतं ते खात्यातून. गृह किंवा अर्थ हाती असेल, तर सचिव धावतात.

जिल्ह्यात मात्र मोजमाप वेगळं. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा मुंबईपासून लांब आणि बहुतांशी जंगलाखाली. इथे सरकारची ओळख पटते ती पालकमंत्र्यातून. जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं. वार्षिक आराखड्यात रस्ता, पूल, आश्रमशाळा यांना किती पैसे, हे तिथे ठरतं. जो फक्त पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला उगवतो, त्याला लोक झेंडामंत्री म्हणतात.

आर. आर. पाटलांचं उदाहरण बोलकं आहे. 2004 ते 2008 ते उपमुख्यमंत्री होते. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर त्यांना पायउतार व्हावं लागलं. 2009 च्या ऑक्टोबरात भामरागड तालुक्यातल्या लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनी 17 पोलिसांना ठार केलं. त्यानंतर पाटील पुन्हा गृहमंत्री झाले आणि गडचिरोलीचं पालकत्व त्यांनी स्वतःहून घेतलं. जंगलातल्या पोलिसांना आणि गावकऱ्यांना गाठणारा हा मंत्री तेव्हा उपमुख्यमंत्री नव्हता.

2020 मध्ये गडचिरोलीचं पालकमंत्रिपद एकनाथ शिंदे यांच्याकडे आलं. तेव्हा ते नगरविकास मंत्री होते. 2022 मध्ये शिंदे मुख्यमंत्री झाले आणि पाच वर्षं मुख्यमंत्री राहिलेले देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री. फडणवीसांचं मूळ गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल. गृह आणि अर्थ ही दोन्ही खाती सांभाळताना त्यांनी सहा जिल्ह्यांचं पालकत्व घेतलं, त्यात गडचिरोली होता. डिसेंबर 2024 मध्ये खुर्च्या उलटल्या: फडणवीस मुख्यमंत्री, शिंदे उपमुख्यमंत्री. गडचिरोली मात्र फडणवीसांनी सोडला नाही. 2025 च्या जानेवारीत मुख्यमंत्री असूनही पालकमंत्रिपद स्वतःकडेच ठेवलं.

उपमुख्यमंत्रिपदाने मुंबईत युतीचा तोल सांभाळला जातो. भामरागड-एटापल्लीच्या माणसाला त्याचा उपयोग, त्या पदावरच्या मंत्र्याकडे कोणतं खातं आहे आणि नियोजन समितीच्या बैठकीला तो स्वतः येतो का, एवढ्यावरच ठरतो.