सनी बँक ते कुलडना

उलटी मोजणी करायची तर शून्य कुठेतरी धरावं लागतं. मी ते शनिवार, ८ जानेवारी २०२२, सकाळी आठ वाजता धरलं आहे. पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात, इस्लामाबादहून साठेक किलोमीटरवर मुरी नावाचं थंड हवेचं ठिकाण आहे. त्या सकाळी तिथल्या रस्त्यावर बर्फात रुतलेल्या गाड्यांची दारं एकेक करून उघडली जात होती. आतली माणसं झोपल्यासारखी दिसत होती. किमान २२ माणसं गेली आणि त्यांत १० मुलं होती. दरड कोसळली नव्हती, हिमकडा सुटला नव्हता, एकही गाडी दरीत गेली नव्हती. गाड्या रस्त्यावर रांगेत उभ्या होत्या, इतकंच.

मी हा घटनाक्रम पुन्हा पुन्हा वाचला आहे, कारण यातली प्रत्येक पायरी मला ओळखीची वाटते. जोडून सुट्टी आली की लोणावळ्याच्या दिशेने जी रांग लागते, तीच ही रांग. फक्त इथे आकाशातून पाणी पडत नव्हतं.

७२ तास आधी : बुधवार, ५ जानेवारी

पाकिस्तानच्या हवामान खात्याचा इशारा आलेला आहे : ६ ते ९ जानेवारी या काळात मुरी आणि शेजारच्या गलियातच्या डोंगराळ भागात जोरदार बर्फ पडेल, रस्ते बंद होऊ शकतात. दिवस आणि ठिकाण, दोन्ही अचूक. पुढे जे घडलं त्याला कोणी आकस्मिक म्हटलं की मला हा बुधवार आठवतो.

त्याच दिवशी देशाचे माहितीमंत्री फवाद चौधरी यांनी लिहिलं की मुरीत सुमारे एक लाख गाड्या दाखल झाल्या आहेत, हॉटेलांची भाडी कित्येक पटींनी वाढली आहेत, आणि हे सामान्य माणसाच्या वाढत्या सुबत्तेचं लक्षण आहे. आकडा आनंदाने सांगितला गेला. एवढ्या गाड्या त्या अरुंद रस्त्यावरून परत कशा उतरणार, हा प्रश्न त्या आनंदात कोणी विचारला नाही.

मुरी इंग्रजांनी १८५१ साली आजारी सैनिकांना हवापालट म्हणून वसवलं. आपल्या महाबळेश्वरासारखंच. उंची साधारण २,३०० मीटर, देवदार आणि पाइनची झाडी, डोंगराच्या कुशीतून वळत गेलेले रस्ते. ते आखले तेव्हा त्यांवरून घोडे आणि टांगे चालत.

४८ तास आधी : गुरुवार

बर्फात खेळणाऱ्यांची चित्रं फोनवर फिरत आहेत. मैदानातल्या शहरांत शाळकरी मुलं हट्ट धरत असणार. कोणत्या घरात धरणार नाहीत? गाडी लहान, माणसं जास्त, पाठीमागे चादरी आणि खाण्याचे डबे. इस्लामाबादहून दीड-दोन तासांचा तर रस्ता. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं. इतक्या जवळच्या सहलीसाठी टायरच्या साखळ्या कोण विकत घेतो?

या साखळ्यांविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं. डोंगरात त्यांना सगळे नुसतं चेन म्हणतात. टायरभोवती जाळीसारख्या बसणाऱ्या लोखंडी कड्या. चाक फिरलं की कड्या दाबलेल्या बर्फात रुततात आणि चाकाला पकड मिळते. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला ३० मीटर लागतात आणि घट्ट गोठलेल्या बर्फावर साठहून जास्त. हे सपाट रस्त्याचं झालं. दहा मीटरला एक मीटर असा उतार असेल आणि खाली काचेसारखा बर्फ असेल, तर हँडब्रेक ओढून उभी केलेली गाडीसुद्धा आपोआप घसरू लागते. शिवाय थंडीत साध्या टायरचं रबरच कडक होतं. सात अंशांच्या खाली त्याची पकड कमी होत जाते, बर्फ नसला तरी.

चेन चढवायची ती इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्या चाकांना. लहान गाड्यांत बहुतेक वेळा ती पुढची चाकं असतात, पण घाईत माणसं मागच्या चाकांना बांधतात आणि पुढची चाकं जागेवरच फिरत राहतात. चढ सुरू होण्याआधी, सपाट जागी, हातात बळ असताना बांधायची. शे-दोनशे मीटर जाऊन उतरायचं आणि पुन्हा आवळायची. वेग चाळीसच्या आत. अडकल्यावर, उतारावर, अंधारात, गोठलेल्या बोटांनी ती बांधता येत नाही. म्हणूनच नियम आधी असतो. कॅलिफोर्नियात डॉनर खिंडीच्या रस्त्यावर बर्फ सुरू झाला की तीन पायऱ्यांचा हुकूम लागतो. पहिल्या दोन पायऱ्यांत बर्फाचे टायर लावलेल्यांना काही सवलत मिळते, तिसऱ्या पायरीत कोणालाच नाही. फ्रान्सने डोंगराळ भागांत नोव्हेंबर ते मार्च हिवाळी टायर किंवा चेन सक्तीची केली ती १ नोव्हेंबर २०२१ पासून, म्हणजे मुरीच्या दोनच महिने आधी. आपल्याकडे मनालीच्या वर बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर आणि चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. नाक्यावर हुज्जत घालणारे पर्यटक पाहिले की मला राग येतो. ‘आमची गाडी, आमचा जीव’ हे तिथे खरं नाही. चेन नसलेली एक गाडी चढावर आडवी झाली की तिच्यामागच्या दोनशे गाड्यांचा रस्ता बंद होतो. बर्फ हटवणारं यंत्र त्याच रस्त्याने यायचं असतं, म्हणजे त्याचाही. चेन रस्त्यासाठी असते.

२४ तास आधी : शुक्रवार सकाळ

गाड्या चढतच आहेत. शुक्रवार, पुढे शनिवार-रविवार. गावाची सगळी वाहनतळं मिळूनही एवढ्या गाड्या मावणं शक्य नाही.

इथे आपल्या माणसांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. खंबाटकी, आंबेनळी, वरंधा या घाटांत ज्यांचा हात बसला आहे त्यांना वाटतं, डोंगर आपल्याला नवा नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे आपल्या ड्रायव्हरांचं शहाणपण बर्फातही उपयोगी पडतं. पण पाऊस आणि धुकं रस्ता लपवतात. बर्फ रस्ताच काढून घेतो. घाटात चुकलं की ब्रेक दाबावा अशी पायाला सवय असते. बर्फात नेमका तोच पाय गाडी आडवी करतो.

१८ तास आधी : शुक्रवार दुपार

बर्फ जोरात सुरू. परतीला निघालेल्या गाड्या आणि वर येणाऱ्या गाड्या समोरासमोर. रस्त्याच्या कडेला गाड्या लावून माणसं उतरलेली, त्यामुळे दोन पदरांचा रस्ता एका पदराचा झालेला. मग एक गाडी घसरते. कोणाची, कुठे, याला आता काही अर्थ नाही. एका वेळी अनेक ठिकाणी हेच झालं. चाकं जागच्या जागी फिरतात, खालचा बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि आधीपेक्षा गुळगुळीत होतो. मागचा हॉर्न वाजवतो. त्याच्या मागचा बाजूने पुढे काढायला जातो आणि तोही अडकतो. शेवटची मोकळी पट्टी इथे संपली.

माझ्या मते खरी घटना या तासाला घडली. यानंतर जे झालं ते फक्त वेळ जाणं होतं.

१४ तास आधी : संध्याकाळी सहा

जानेवारीत डोंगरात लवकर अंधारतं. बर्फाच्या ओझ्याने झाडं मोडून रस्त्यावर पडतात, विजेचे खांब जातात. गावात दिवे नाहीत. हॉटेलांचे दर असे की ज्यांना चालत गावात पोचणं शक्य होतं त्यांतल्या काहींनी गाडीतच रात्र काढायचं ठरवलं. याच गावातली दुसरी माणसं अंधारात कांबळी आणि गरम जेवण घेऊन गाड्यांपर्यंत गेली, हेही तितकंच खरं आहे आणि ते लिहायलाच हवं.

आणि सनी बँक? मुरीत शिरताना लागणारा हा नाका. पुढे नेमलेल्या चौकशी समितीला आढळलं की बर्फ हटवणारी यंत्रं या एकाच ठिकाणी उभी होती. वीस यंत्रं, आणि ती चालवणारे जागेवर नव्हते. हवामानाचे इशारे अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर पोचले होते. ते वेळेत वाचले गेले नाहीत.

१० तास आधी : रात्री दहा

कुलडनाहून बाडियांकडे जाणारा रस्ता. सुमारे हजार गाड्या डोंगरात ठिकठिकाणी अडकल्या, पण बहुतेक मृत्यू या पट्ट्यातले. एका गाडीत इस्लामाबाद पोलिसांतला एक कर्मचारी होता आणि त्याच्यासोबत कुटुंबातले सात जण. पोलीस खात्यातला माणूस, म्हणजे मदत कोणाकडे मागायची हे त्याला नक्की ठाऊक होतं. त्याने मागितलीही.

बाहेर तापमान शून्याच्या खूप खाली. गाडीत काचा बंद, हीटर चालू, मुलं अंगाला अंग लावून बसलेली. कोणत्याही आईबापाने हेच केलं असतं.

६ तास आधी : रात्री दोन

सायलेन्सरचं तोंड लहान गाडीत जमिनीपासून दीड वीतभर उंच असतं. त्या रात्री तिथे एकूण चार फुटांच्या आसपास बर्फ साचला.

तोंड बुजलं की धुराला बाहेर जायला वाट नाही. तो गाडीखाली कोंडतो आणि तळातल्या फटींतून, हवा आत घेणाऱ्या जाळीतून आत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट त्याला धरतं. फुप्फुसं चालत राहतात, श्वास नीट लागतो, पण रक्त प्राणवायू वाहून नेत नाही. आधी डोकं दुखतं. दिवसभराच्या दगदगीनंतर ते दुखणारच, असं वाटतं. मग मळमळ, मग जडपणा, मग झोप. लहान मुलांचा श्वास भराभर चालतो, त्यामुळे त्यांच्यात तो आधी भिनतो. मुलं शांत झोपली, याचा घरच्यांना दिलासाच वाटला असेल. हे वाक्य लिहिताना हात थांबतो.

यावरचा उपाय अगदी साधा आहे, आणि तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी शिकवत नाही, म्हणून इथेच सांगतो. इंजिन सतत चालू ठेवायचं नाही. तासाला दहा मिनिटं पुरे. ते सुरू करण्याआधी दर वेळी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हातांनी, ताटलीने, चपलेने, मिळेल त्याने काढायचा. वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची, थंडी आली तरी. गाडीतल्या एकाने जागं राहायचं आणि पाळी बदलायची. गाडीत एक फावडं, कांबळी, टॉर्च, पाणी, सुका खाऊ हवा. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि कोणाचं डोकं दुखू लागलं, तर इंजिन बंद करून, दारं उघडून, सगळ्यांना आधी बाहेरच्या हवेत काढायचं. थंडीला शरीर बराच वेळ झुंज देऊ शकतं. या वायूपुढे त्याचं काही चालत नाही.

३ तास आधी : पहाटे पाच

या तासाबद्दल त्या गाड्यांतून सांगायला कोणी उरलं नाही.

शून्य : शनिवार सकाळ

बर्फ थांबला. सैन्याची माणसं, बचाव पथकं, गावकरी फावडी घेऊन निघाले. मुख्य रस्ते मोकळे करता करता, चालत, एकेका गाडीची काच पुसत. काही गाड्यांतून माणसं आपणहून बाहेर आली, थरथरत, पण जिवंत. सैन्याने आपल्या शाळा आणि छावण्या आसऱ्यासाठी उघडल्या. कुलडनाच्या पट्ट्यात मात्र काही गाड्यांच्या काचांवर टकटक केल्यावर आतून काहीच हालचाल झाली नाही.

मुरीकडे जाणारे सगळे रस्ते बंद करण्यात आले. पंतप्रधान इम्रान खान यांनी अभूतपूर्व बर्फाकडे आणि हवामान न पाहता निघालेल्या गर्दीकडे बोट दाखवलं. गर्दीने हवामान पाहिलं नाही हे खरं आहे. पण गर्दीतल्या माणसाला नाक्यावर अडवण्याचं काम गर्दीचं नसतं. अकरा दिवसांनी, १९ जानेवारीला, चौकशीचा अहवाल आल्यावर १५ अधिकाऱ्यांना पदांवरून हटवण्यात आलं.

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे, मनालीच्या वर, सोलंग ते अटल बोगदा या रस्त्यावरही सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्या. तेव्हा पोलीस रात्रीच त्या रांगेत शिरले, गाड्या एकेक करून उतरवल्या आणि सातशेच्या आसपास पर्यटकांना बाहेर काढलं. बर्फ तोच, रांगही तशीच, पण तिथे माणसं सकाळ व्हायची वाट पाहत बसली नाहीत.

सनी बँकेच्या नाक्यावरून कुलडना फार लांब नाही. उन्हाळ्यात, रस्ता मोकळा असताना, गाडीने काही मिनिटं लागतात.