भिंतीच्या पोटांतला दगड

किल्लारी हें लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांतील गांव. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चार वाजावयास कांहीं मिनिटें उरलीं असतां तेथील भूमि हादरली. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी. गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरां निजलेले. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सात हजारांहून अधिक माणसें दगावलीं. धक्क्याचें मान सहापेक्षां थोडेंच अधिक होतें. तेवढ्यानें एवढा संहार कां व्हावा, ह्याचें उत्तर भूगर्भाइतकेंच घरांच्या भिंतींत दडलेलें होतें.

मराठवाड्यांतील जुनें घर म्हणजे काळ्या दगडाची रुंद भिंत, चिखलाची जोडाई, लांकडी खांब-तुळया आणि वर माळवद. माळवदावर पांढऱ्या मातीचा थर असे. पावसाळ्यांत गळूं नये म्हणून त्यावर वेळोवेळीं नवी माती पडे आणि थर वर्षानुवर्षें जाड होत जाई. ह्या घरांत उन्हाळ्यांत गारवा असे, चोराचें भय नसे. परंतु दोन-अडीच फुटांची ती भिंत वस्तुतः एक नव्हे. बाहेरील अंगाला दगडांची एक रांग, आंतील अंगाला दुसरी, आणि मध्यें गोटे व चिखल ह्यांची भरणी. ह्या दोन अंगांना एकत्र बांधणारा खरा सोबती म्हणजे भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड. तो घातला नाहीं तरी भिंत उभी राहते, ओळंब्याला बरोबर उतरते, मालकाच्या पसंतीसही येते. तो घातला होता कीं नाहीं, हें भिंत वर चढल्यावर एका गवंड्यावांचून कोणासच ठाऊक नसतें.

गवंड्याच्या काळजीचें मूळ येथें आहे. सुताराचा सांधा सैल राहिला तर तो कुरकुरतो. लोहाराचा फाळ ठिसूळ निघाला तर पहिल्या नांगरटींतच समजतें. गवंड्याची चूक मात्र मुकाट्यानें पिढ्या काढते. किल्लारीच्या पहाटे ती बोलली. हादऱ्यासरशी भिंतींचीं दोन्ही अंगें विलग झालीं आणि दगडमातीचा ढीग निजलेल्यांवर आला. पुष्कळ ठिकाणीं खांब-तुळयांचा सांगाडा उभा, पण भोंवतालची भिंत जमीनदोस्त, असें दृश्य दिसलें.

तथापि जुन्या गवंड्यांना अपराधी ठरविणें न्यायाचें नव्हे. लांब दगड घडविण्यास वेळ लागतो, मजुरी वाढते. आणि तो कां हवा हें शिकविणारा अनुभव त्यांच्या वांट्यास आला नव्हता. देशाच्या भूकंप-नकाशांतही हा प्रदेश तेव्हां सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत होता. किल्लारीचा परिसर वरच्या विभागांत गेला तो २००२ च्या नकाशांत. शास्त्रज्ञांस जें उमगलें नव्हतें, तें थापी धरणाऱ्या हातानें ओळखावें, ही अपेक्षा फार झाली.

प्राचीन बाबिलोनच्या हम्मुराबी राजानें सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीं कायदा केला, कीं घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्यास देहान्त शासन व्हावें. मराठवाड्यानें दुसरा मार्ग धरला. भूकंपानंतर महाराष्ट्र शासनानें जागतिक बँकेच्या साह्यानें पुनर्वसनाचें मोठें काम हातीं घेतलें. ५२ गांवें नव्या जागीं वसलीं. शिवाय लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुती झाली. गवंड्यांना शिक्षण मिळालें. नियम सोपा होता: भिंत दोन फूट वर गेली कीं आरपार दगडांची एक फेरी, आणि दोन दगडांमधलें अंतर चार फुटांहून अधिक नाहीं. जुन्या भिंतीस आरपार भोंक पाडून, आंत लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरावयाचें. माळवदाची माती कमी करावयाची. गांवोगांवीं स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमलें गेलें. घर कसें बळकट होतें, काम चालू असतां काय पाहावें, हें त्यांनीं घरोघरीं समजावून सांगितलें. त्यामुळें जें गुपित एकट्या गवंड्यापाशीं असे, तें मालकिणीलाही उमगूं लागलें; काळजी वांटली गेली आणि म्हणूनच हलकी झाली.

ही शिकवण किल्लारीपुरती नाहीं. नांदेड शहरास २००६ पासून कांहीं वर्षें लहान लहान धक्क्यांनीं वारंवार जागविलें. २१ मार्च २०२४ च्या सकाळीं शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत ४.५ मानाचा धक्का झाला, तो नांदेडकरांनाही जाणवला. अशा दिवशीं लोक अंगणांत येऊन आकाशाकडे पाहतात. गवंडी आपल्या बांधलेल्या भिंतींकडे पाहतो. त्या क्षणीं मनाची ग्वाही हवी असेल, तर ती आधींच मिळवावी लागते: पुढचा थर चढविण्यापूर्वीं मालकास हांक मारून, लांब दगडाचीं दोन्ही टोंकें भिंतीच्या दोन्ही अंगांस दाखवून.