नागपुरी संत्रा : नांव, विहीर आणि बाजार

नागपूर-वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासांत कापसाच्या खालोखाल विचारार्ह असा विषय संत्र्याच्या बागाइतीचा होय. नागपूरकर भोसल्यांनीं औरंगाबादेहून हें झाड आणवून आपल्या बागांत लाविलें, अशी परंपरा या भागांत सर्वत्र ऐकूं येते. ती नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु राजाच्या बागेंत झाड लागणें ही एक गोष्ट, व तेंच झाड शेतकऱ्याचें पीक होणें ही अगदीं निराळी गोष्ट. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ त वारले व १८५४ त राज्य खालसा झालें. बागाइतीचा मोठा विस्तार त्यानंतरचा आहे. तेव्हां त्याचीं कारणें दरबाराबाहेरच शोधलीं पाहिजेत.

नांवावरून मूळ ठरविण्यांत चूक होण्याचा संभव असतो. ‘संत्रा’ हा शब्द पोर्तुगालांतील सिंत्रा या गांवावरून आला, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. परंतु बाबरानें आपल्या आत्मवृत्तांत हिंदुस्थानच्या फळांत ‘संगतरा’ नोंदला आहे, आणि बाबर १५३० त वारला. पोर्तुगीज कालिकतास १४९८ त उतरले. इतक्या अल्प काळांत त्यांचा शब्द उत्तर हिंदुस्थानांत रुळणें संभवनीय दिसत नाहीं. ‘नागपुरी’ या विशेषणाचेंहि तसेंच आहे. तें बाजाराचें नांव आहे. फळ पिकतें तें काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या तालुक्यांत, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशीं व वर्धा नदीच्या दोहों बाजूंस.

बाजार घडविला तो आगगाडीनें. १८६७ त मुंबईकडील लोहमार्ग नागपुरास पोंचला. पुढें बंगाल-नागपूर रेल्वेनें कलकत्त्याची वाट मोकळी केली. आणि १९२० नंतरच्या दशकांत इटारसीचा मार्ग काटोल-नरखेडवरून निघाला. पातळ सालीचें, थोड्या दिवसांत नासणारें हें फळ दूरच्या गिऱ्हाइकाच्या हातीं पडूं लागलें, तें या सोयीमुळें.

शेताची बाजू विहिरीवर उभी आहे. झाडाचें पाणी कांहीं काळ तोडून त्यास ताण द्यावयाचा व मग पाणी सोडून फुलोरा आणावयाचा, ही येथील बागवानीची मुख्य युक्ति. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारींत फुलतो व पावसाळा सरल्यावर तोडणीस येतो. मृग बहार पावसाच्या आरंभीं फुलून पुढील वर्षीं फेब्रुवारीपासून निघतो. मृगाची भिस्त पावसावर, तर आंबियाची उन्हाळ्यांतील विहिरीच्या पाण्यावर. मोटेच्या काळीं पाण्याचा उपसा बैलांच्या बळाइतकाच होता. विजेचे पंप व खोल कूपनलिका आल्यावर ती मर्यादा सुटली, आणि वरुडसारख्या तालुक्यांत भूजल भरून येण्यापेक्षां उपसा अधिक झाला. कोरड्या उन्हाळ्यांत उभ्या बागा वाळतात त्या यामुळें.

ज्या गोष्टींनीं वाढ झाली त्यांतच अडचणीचें बीज असावें, हा प्रकार इतरत्रहि दिसतो. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरण्याची पद्धति सोपी म्हणून सर्वत्र पसरली; परंतु एकाच जातीच्या बागा लागोपाठ असल्यानें कोळशी व डिंक्या हे रोग एका बांधावरून दुसऱ्या बांधावर सहज जातात. दूरचा बाजार हेंच भाग्य ठरलें. परंतु २०१९ पासून बांगलादेशानें आयातकर वेळोवेळीं वाढविला, तेव्हां त्या गिऱ्हाइकावर विसंबलेल्या बागाइतदारास भाव मिळेना.

संधि नाहींत असें नव्हे. १९८५ त नागपुरास लिंबूवर्गीय फळांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालें. रोगमुक्त कलमें व ठिबकानें पाणी देण्याची रीत यांचा त्यानें पुरस्कार केला. २०१४ त ‘नागपुरी संत्रा’ या नांवास भौगोलिक निर्देशाचें संरक्षण मिळालें. परंतु नांवाचें रक्षण झालें म्हणून विहिरीचें रक्षण होत नाहीं, आणि या पिकाचें भवितव्य विहिरीशीं बांधलेलें आहे.

यास्तव जुन्या बागाइतदार घराण्यांतील चोपड्या, विहिरी खोदल्याचे खर्च, अडत्यांचे हिशेब व रेल्वेच्या पावत्या यांचा संग्रह त्वरित व्हावयास पाहिजे. कोणत्या साली विहीर किती खोल गेली व कोणत्या साली बाग तोडली, हें त्यांवरूनच कळेल. बागा मोडतात तशीं हीं कागदपत्रेंहि रद्दींत जात आहेत. भोसल्यांच्या परंपरेइतकेंच लक्ष या साध्या कागदांकडे अभ्यासकांनीं द्यावें, अशी विनंति आहे.